पहिलं हातातलं जीपीएस: मी ईट्रेक्स २२एक्स का निवडलं

गार्मिन कंपनीचं ईट्रेक्स २२एक्स हे २०१९ साली आलेलं, हातात धरून वाट बघायचं जीपीएस यंत्र. दिसायला अगदी साधं. तळहातात मावतं, सेल घालून साधारण १४२ ग्रॅम भरतं, पडदा २.२ इंचाचा आणि दोन्ही कडांना मिळून पाच बटणं. त्यानंतर बरीच नवी मॉडेलं निघाली. तरीही वाट सोडून डोंगर-जंगलात फिरायला लागलेल्या आणि पहिल्यांदाच असं यंत्र घेऊ पाहणाऱ्या माणसाला मी हेच, किंवा याच घडणीचं दुसरं एखादं, घ्यायला सांगते.

मी झाडांच्या नोंदी ठेवते. एखादं दुर्मिळ झाड नेमकं कुठे उभं आहे, त्याला फुलोरा केव्हा आला, फळ धरलं की नाही, हे टिपायचं आणि पुढच्या हंगामात पुन्हा त्याच झाडापाशी जायचं. पायवाट जिथे संपते तिथून माझं काम सुरू होतं. मी डावखुरी आहे आणि जवळचं वाचायला मला चष्मा लागतो. दोन्ही गोष्टी यंत्र निवडताना आड आल्या, म्हणून आधीच सांगून ठेवते.

भाच्याने मला विचारलं होतं, ‘मावशी, फोनमध्ये सगळं असताना हे आणखी कशाला?’ प्रश्न रास्त आहे. फोनमधल्या जीपीएसला नेटवर्क लागत नाही, तो उपग्रहांचा संकेत थेट पकडतो. नकाशे घरून उतरवून नेले तर फोन उत्तम वाट दाखवतो, आणि त्याचा पडदा या यंत्रापेक्षा कितीतरी चांगला असतो. उघड्या आकाशाखाली फोनची जागा साधारण पाच मीटरच्या आत बरोबर येते. अचूकतेसाठी म्हणून वेगळं यंत्र घ्यायचं असेल तर घेऊच नये.

अडतं ते दुसरीकडे. पावसाचे थेंब पडलेल्या पडद्याला बोट आणि पाणी यातला फरक कळत नाही. हातमोजे घातले की पडदा दाद देत नाही. कडाक्याच्या थंडीत फोन वीस-तीस टक्के चार्ज असतानाही बंद पडू शकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मदत मागायची वेळ आली तर तोच फोन हातात चालू हवा. दिवसभर वाट दाखवून त्याची बॅटरी संपवली, तर संध्याकाळी पाय मुरगळल्यावर काय करणार? माझा फोन पिशवीत, प्लॅस्टिकच्या पाकिटात, बंद असतो. एवढ्या एका कारणासाठीही वेगळं यंत्र घेणं मला पटतं.

दुकानात किंवा जाहिरातीत वैशिष्ट्यांची लांबलचक यादी समोर येते. मी त्यातल्या तीनच गोष्टी बघते: बटणं आहेत का, साधे सेल चालतात का, आणि आपल्याला हवा तो नकाशा आत टाकता येतो का. बाकीचं नंतर.

आधी बटणं. २२एक्सच्या डाव्या कडेला नकाशा लहान-मोठा करायची दोन बटणं आणि मेनू, उजव्या कडेला मागे जायचं बटण आणि चालू-बंद करायचं, आणि समोर वरच्या उजव्या कोपऱ्यात अंगठ्याने हलवायची छोटी दांडी. उजव्या हातात धरलं की अंगठा आपोआप दांडीवर बसतो. डाव्या हातात धरल्यावर तो पडद्यावरून आडवा न्यावा लागतो आणि तेवढ्या वेळात नकाशा झाकला जातो. मी त्यामुळे यंत्र उजव्या हातात धरायला शिकले, डावा हात पेन्सिलीला मोकळा राहिला. पण डावखुऱ्या माणसाने विकत घेण्याआधी हातात धरून बघायलाच हवं. हिवाळ्यातले हातमोजे घालून धरलं तर आणखी बरं.

ही दांडी दाबून धरली की उभ्या जागेची खूण होते. मला या यंत्रातलं सगळ्यात आवडतं ते हेच. झाड दिसलं, दांडी दाबून धरली, पुढे आलेली खूण पक्की केली, झालं. यंत्र आपणहून ००१, ००२ असे क्रमांक देतं. त्याला नाव द्यायचं म्हटलं तर दांडीने एकेक अक्षर निवडत बसावं लागतं. पावसात हे काम नकोसं होतं. म्हणून मी क्रमांक तसाच ठेवते आणि वहीत त्या क्रमांकापुढे झाडाचं नाव, बुंध्याचा घेर, आजूबाजूची खूण लिहिते. यात दोन हजार खुणा मावतात. एका माणसाच्या नोंदींना त्या पुरून उरतात.

पूर्वी मला एक स्पर्शपडद्याचं यंत्र वापरायला मिळालं होतं, कंपनीचं नाव सांगत नाही. कोरड्या हवेत सुरेख चालायचं. धुक्यात, ओल्या बोटांनी, ते भलतीकडेच नकाशा सरकवायचं, आणि मी नेमकी कुठे आहे हे बघायला दर वेळी पडदा सदऱ्याच्या आतल्या बाजूने पुसावा लागायचा. तेव्हापासून बटणांचा हट्ट मी सोडलेला नाही.

आता सेल. २२एक्स दोन एए सेलवर, म्हणजे आपल्या नेहमीच्या पेन्सिल सेलवर चालतं. कंपनी २५ तास सांगते. पडद्याचा दिवा सारखा लावला, थंडी असली किंवा सेल जुने झाले की तेवढे भरत नाहीत. तरी एक पूर्ण दिवस आणि दुसऱ्या दिवसाचा बराचसा भाग निघावा अशी अपेक्षा धरायला हरकत नाही. पाठीमागच्या झाकणाला इंग्रजी डी आकाराची कडी आहे. ती फिरवली की झाकण निघतं, सेल बदलले की यंत्र पुन्हा चालू. खुणा आणि चाललेल्या वाटेची नोंद जशीच्या तशी राहते.

आतून चार्ज होणाऱ्या बॅटरीची नवी यंत्रं एका चार्जमध्ये खूप जास्त टिकतात, हे खरंच आहे. गार्मिनच्याच जीपीएसमॅप ६७ ला कंपनी १८० तास सांगते. पण ती बॅटरी संपली की पॉवर बँक, केबल आणि कोरडी जागा या तिन्हींची गरज लागते, आणि काही वर्षांनी बॅटरी म्हातारी होते तेव्हा यंत्रही तिच्याबरोबर म्हातारं होतं. पेन्सिल सेल बदलायला दोन मिनिटं लागतात. सोबतच्या माणसाच्या टॉर्चमधले काढूनही घालता येतात.

सेलच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेक जण करत नाहीत, ती आवर्जून करा. सिस्टीमच्या सेटिंगमध्ये सेलचा प्रकार निवडायचा असतो: अल्कलाइन, लिथियम की पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड. चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे, साधे १.५ व्होल्टचे. प्रकार चुकीचा निवडला तर यंत्र व्होल्टेजचा अर्थ चुकीचा लावतं. मग सेल भरलेला असतानाच संपत आल्याचा इशारा येतो, किंवा अर्धा दाखवत असतानाच यंत्र मिटतं. रोजच्या फिरण्याला मी चार्ज होणारे सेल वापरते. सोबत राखीव म्हणून लिथियमचे दोन एए ठेवते. ते वजनाला हलके, वर्षानुवर्षं चार्ज धरून ठेवणारे आणि उणे ४० अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे असतात. लिथियम म्हणजे हे १.५ व्होल्टचे एकदाच वापरायचे सेल, त्याच आकाराचे ३.७ व्होल्टचे सेल यात चुकूनही घालू नयेत.

नकाशाबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण पहिलं यंत्र घेताना माणूस सर्वात जास्त इथेच फसतो. काही स्वस्त यंत्रांत नकाशाच नसतो. कोऱ्या पडद्यावर तुमचा ठिपका, तुम्ही चाललेली रेघ आणि तुम्ही टाकलेल्या खुणा, इतकंच दिसतं. २०२३ साली आलेलं ईट्रेक्स एसई त्यातलं. सेलच्या बाबतीत ते कमाल आहे, दोन एएवर १६८ तास सांगितले जातात. आल्या वाटेने परत जायचं एवढंच काम असेल तर ते पुरेसं आहे. पण रेघेच्या डावीकडे ओढा आहे की कडा, हे कोरा पडदा सांगत नाही. वाट अडली आणि दुसरीकडून उतरायची वेळ आली की समोच्च रेषांशिवाय, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडून चढ-उतार दाखवणाऱ्या रेषांशिवाय, निर्णय घेता येत नाही. माझ्या मते पहिल्या यंत्रात नकाशा हवाच.

२२एक्समध्ये ८ जीबी जागा आहे आणि सेलखाली मायक्रोएसडी कार्डाची खाचही आहे. कंपनीचा नकाशा आत भरलेला येतो. त्यावर न थांबता मी ओपनस्ट्रीटमॅपवरून तयार केलेले नकाशे टाकते. हा जगभरच्या स्वयंसेवकांनी २००४ पासून उभा केलेला खुला नकाशा आहे आणि पायवाटा, झरे, ओढे यांच्या बाबतीत तो अनेक ठिकाणी विकतच्या नकाशांना मागे टाकतो. गार्मिनच्या यंत्राला चालेल अशा रूपातली फाइल मिळते. संगणकाला केबल लावली की यंत्र पेनड्राइव्हसारखं उघडतं, फाइल योग्य फोल्डरमध्ये टाकायची, झालं. घरी आखलेली वाटही जीपीएक्स फाइल म्हणून, म्हणजे वाटा-खुणा साठवायच्या नेहमीच्या रूपात, तशीच टाकायची. केबल जुन्या मिनी-यूएसबी प्रकारची आहे, फोनची केबल बसत नाही. ती हरवली तर अडचण होते, म्हणून एक जादा ठेवावी.

पडदा लहान आहे, २४० बाय ३२० बिंदूंचा, आणि नकाशा सरकवताना तो पुन्हा रेखाटायला थोडा वेळ घेतो. वाट आखण्याचं काम यावर करायला बसू नये, ते घरी मोठ्या पडद्यावर करावं. पण उन्हात याची मजा कळते. फोनचा पडदा उन्हात फिका पडतो, याचा मात्र उन्हाचाच उजेड परतवून उजळतो, दिवा लावायचीही गरज राहत नाही. चष्म्याचं म्हणाल तर नकाशाच्या सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करता येतात, ती मी केली. नकाशावर माहितीच्या दोन चौकटी ठेवता येतात. माझ्या एका चौकटीत ठरवलेल्या जागेपर्यंतचं अंतर असतं आणि दुसरीत सूर्यास्ताची वेळ. जंगलात सूर्यास्ताची वेळ डोळ्यांसमोर असलेली बरी. पुढे जायचं की मागे फिरायचं हा वाद तिथेच मिटतो.

मग याच मालिकेतलं ३२एक्स का नाही? घडण तीच, फक्त त्यात तीन अक्षांचं चुंबकीय होकायंत्र आणि वायुदाबावर चालणारा उंचीमापक जास्तीचे आहेत. २२एक्सला दिशा कळते ती तुम्ही चालत असता तेव्हाच. एका जागी उभं राहिलात की बाण कुठेही रोखलेला असू शकतो. धुक्यात फाट्यावर उभं राहून ‘आता कुणीकडे?’ असं विचारायचं तर काही पावलं चालावी लागतात, मग बाण जागेवर येतो. ज्यांना कड्याच्या धारेवर किंवा बर्फात फिरायचं आहे त्यांनी सरळ ३२एक्स घ्यावं, कारण तिथे अंदाजाने पावलं टाकणं धोक्याचं असतं. मी गळ्यात साधं होकायंत्र घालते. त्याला सेल लागत नाही, आणि यंत्र बंद पडलं तरी ते राहतं. यंत्रातलं होकायंत्र मात्र सेल बदलल्यावर पुन्हा जुळवून घ्यावं लागतं.

उंचीमापकाचं आकर्षण मला समजू शकतं. उपग्रह सगळे डोक्यावर असतात, पायाखाली एकही नसतो, त्यामुळे जीपीएसची उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी असते. वायुदाबाचा मापक चढ-उतार फार नाजूकपणे टिपतो. पण हवामान बदललं की तोही सरकतो: समुद्रसपाटीजवळ दाबात एक हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे सुमारे आठ मीटर. माहीत असलेल्या उंचीवर तो पुन:पुन्हा जुळवत राहायचं असेल तरच त्याचा खरा उपयोग. एका जागी मुक्काम असताना मात्र तो सुंदर काम देतो. रात्रीत उंची ‘वाढलेली’ दिसली म्हणजे दाब उतरला, हवा बिघडणार.

अचूकतेबद्दल चार शब्द, कारण जागा किती मीटरच्या आत बरोबर आहे हा पडद्यावरचा आकडा लोक फार मनावर घेतात. चार उपग्रह दिसले की यंत्राला उंचीसकट जागा कळते, जास्त दिसले तर चांगलंच. २२एक्स अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास उपग्रहही वापरतं, दाट झाडीत त्याचा फायदा होतो. पण अरुंद घळीत संकेत कड्यावर आपटून येतो, लांबची वाट घेऊन येतो आणि यंत्राला तो सरळ आल्यासारखाच वाटतो. पडद्यावर ‘५ मीटर’ लिहिलेलं असतं आणि ठिपका ओढ्याच्या पलीकडे असतो. कोणत्याही यंत्रावर हे होतं. जीपीएसमॅप ६५ किंवा ६७ सारखी दोन वारंवारतांवर ऐकणारी यंत्रं अशा परतलेल्या संकेतांना कमी फसतात. तुमचं सगळं फिरणं घळी आणि कड्यांखालीच असेल तर ती घेण्यात अर्थ आहे. बाकीच्यांनी तो खर्च पुढे ढकलला तरी चालेल.

एखाद्या झाडाची जागा मला खरोखर नेमकी हवी असते तेव्हा मी खुणांची सरासरी घ्यायची सोय वापरते. यंत्र झाडापाशी ठेवायचं, जागेचा एक नमुना घ्यायचा, आणि काही तासांनी, जमलं तर दुसऱ्या दिवशी, पुन्हा घ्यायचा. मधल्या वेळात आकाशातले उपग्रह बदललेले असतात, त्यामुळे चुका एकमेकींना खोडतात. एकाच बैठकीत दहा नमुने घेण्यापेक्षा वेगवेगळ्या वेळी घेतलेले चार कितीतरी चांगले.

आणि अक्षांश-रेखांश लिहायची पद्धत सोबत्यांशी जुळवून घ्या. ४५ अंश ३० मिनिटं आणि ४५.३० अंश या दोन वेगळ्या जागा आहेत. ०.३० अंश म्हणजे १८ मिनिटं, फरक १२ मिनिटांचा, आणि अक्षांशाचं एक मिनिट सुमारे १.८५ किलोमीटर. म्हणजे शोधणारी माणसं तुमच्यापासून २२ किलोमीटर लांब जाऊन पोचतील. कागदी नकाशा सोबत असेल तर त्याच्या कोपऱ्यात छापलेली आधारपद्धती (अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कोणत्या मापावर बसवलेत ते, इंग्रजीत ‘डेटम’) वाचा. यंत्र डब्ल्यूजीएस ८४ या जीपीएसच्या आधारपद्धतीवर असतं, जुना नकाशा दुसऱ्यावर असला तर जागा शेकडो मीटरनेही सरकू शकते.

उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या यंत्रांबद्दल मला हमखास विचारतात. ती वेगळी गरज आहे. इरिडियमच्या ६६ उपग्रहांच्या जाळ्यातून ती यंत्रं नेटवर्कबाहेरूनही मजकूर आणि मदतीची हाक पोचवतात, त्यासाठी वर्गणी भरावी लागते, आणि काही देशांत परवानगीशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे. कायदा पाहूनच घ्या. पण तुम्ही एकट्याने, दूरवर फिरत असाल, आणि कायद्याची आडकाठी नसेल, तर मी म्हणेन की आधी ते घ्या, वाटेला फोन वापरा, आणि हे यंत्र पुढच्या वर्षी घ्या. वाट चुकलेला माणूस थांबून राहू शकतो. जखमी माणसाला थांबायला तेवढा वेळ नसतो.

वापरलेलं यंत्र मिळत असेल तर जरूर बघा, या यंत्रांना मरण लवकर येत नाही. कडेची रबरी पट्टी सुटलेली आहे का, केबलच्या तोंडावरचं रबरी बूच घट्ट बसतं का, सेलच्या पत्र्यांवर हिरवट गंज आहे का, दांडी चारही दिशांना आणि आत दाबली जाते का, हे तपासा. बूच सैल असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याचा दावा विसरा. फार जुनं यंत्र असेल तर तारीखही बघा: जीपीएसचे आठवडे १०२४ पर्यंत मोजून पुन्हा शून्यावर येतात. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री ते तसे आले, आणि सॉफ्टवेअर अद्ययावत न केलेली काही यंत्रं तेव्हापासून जवळपास वीस वर्षं मागची तारीख दाखवतात. वाट तरीही बरोबर दाखवू शकतात, पण माझ्यासारखीला फुलोऱ्याची नोंद चुकीच्या वर्षात गेलेली चालत नाही.

घरी आणलं की पहिल्या दिवशी उघड्या मैदानात, सगळ्या बाजूंनी आकाश दिसेल अशा जागी, चालू करून पंधरा-वीस मिनिटं नुसतं ठेवून द्या. सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक पूर्ण उतरवायला साडेबारा मिनिटं लागतात. यंत्र बरेच दिवस बंद असेल किंवा शेकडो किलोमीटर हलवलं असेल तरी हेच करावं, झाडीत शिरण्याआधी. मग वाटेची नोंद चालू करून पाठ असलेल्या रस्त्याने एक फेरी मारा, आणि घरी येऊन ती रेघ मोठ्या पडद्यावर रस्त्याशी ताडून बघा.